आधी रक्त, मग एमआरआय. आणि सोबत ईसीजी

चौतिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. तीन महिने पाळी आलेली नाही, गर्भचाचणी नकारार्थी, आणि अधूनमधून स्तनांतून दुधासारखा स्राव येतो. रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन 68. प्रयोगशाळेच्या कागदावर वरची मर्यादा 25 च्या आसपास छापलेली. घाईघाईने एमआरआय झाला आणि अहवालात वाक्य आलं : ‘पिट्युटरी ग्रंथीत 4 मिलिमीटरचा अडिनोमा असण्याची शक्यता.’ संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या फोनवर ‘मेंदूत ट्यूमर’ अशी बातमी पोचलेली असते.

या धावपळीत एक साधा प्रश्न राहून जातो : रोज कोणती औषधं घेता? या बाई सहा महिन्यांपासून सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची कॅप्सूल घेत आहेत. तिच्यात पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन आहे. डोमपेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन वाढतं. आणि हेच डोमपेरिडोन काही जणांच्या हृदयाची लयही बिघडवू शकतं.

पिट्युटरीची गाठ एका डॉक्टरकडे, हृदयाचे ठोके दुसऱ्याकडे, अशी आपली वाटणी असते. शरीरात अशी वाटणी नाही. संप्रेरकं बिघडली की हृदयाची लय बिघडू शकते, आणि संप्रेरकं सुधारणारी काही औषधंही तिला धक्का देऊ शकतात. म्हणून निदानाचा क्रम नीट समजून घेणं आणि प्रत्येक टप्प्यावर हृदयाकडे लक्ष ठेवणं, ही दोन्ही कामं एकत्रच करायची असतात.

ग्रंथी लहान, कारभार मोठा

पिट्युटरी, म्हणजे शालेय पुस्तकातली पियुषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळातल्या हाडाच्या एका खळग्यात ती बसलेली असते. तिच्या थोडं वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. थायरॉइड, अॅड्रिनल, अंडाशय, वृषण यांना हुकूम इथून सुटतात; वाढीचं संप्रेरक आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिनही इथूनच येतं.

इथल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. 10 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर मायक्रोअडिनोमा, 10 किंवा जास्त असेल तर मॅक्रोअडिनोमा. त्रास दोन वाटांनी होतो. एकतर गाठ एखादं संप्रेरक बेसुमार बनवते, किंवा ती वाढून शेजारच्या नसांवर आणि उरलेल्या निरोगी ग्रंथीवर दाब देते.

आता महत्त्वाची गोष्ट. कोणताही त्रास नसलेल्या लोकांचा एमआरआय काढला, तरी साधारण दहांतल्या एकाच्या पिट्युटरीत असा बारीकसा ठिपका दिसू शकतो. त्यातले बहुतेक ठिपके आयुष्यभर काही करत नाहीत. त्यामुळे एमआरआयवर गाठ दिसली म्हणजे त्रासाचं कारण सापडलं, असं होत नाही. ती गाठ काही बनवते का, हे आधी रक्तानं सांगावं लागतं.

पहिली पायरी : औषधांची यादी

प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की पहिली चौकशी गरोदरपणाची, दुसरी औषधांची, तिसरी थायरॉइडची. मेंदूतून येणारं डोपामिन प्रोलॅक्टिनवर सतत लगाम ठेवतं. डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड ही पोटासाठी दिली जाणारी औषधं आणि रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारांवरची औषधं हा लगाम सैल करतात. डोमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून ते निरुपद्रवी समजलं जातं. पण पिट्युटरी ही मेंदूच्या संरक्षक पडद्याबाहेर आहे, आणि तिथे ते सहज पोचतं.

औषधामुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुतेकदा 25 ते 100 च्या दरम्यान असतं, क्वचित 200 च्याही वर जातं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध थांबवून तीन दिवसांनी पुन्हा तपासणी केली की बऱ्याचदा उलगडा होतो. मानसिक आजाराचं औषध मात्र स्वतःच्या मनानं कधीही थांबवू नये; ते मनोविकारतज्ज्ञाला विचारूनच बदलायचं.

कॉर्टिसॉलच्या आजाराची शंका असेल तर यादी आणखी बारकाईनं करावी लागते. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावलेलं मलम, खाज-नायट्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब, गुडघेदुखीसाठी कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि त्यानं चेहरा गोल होणं, पोट सुटणं, अंगावर जांभळे वळ उठणं हे सगळं हुबेहूब घडतं. तिथे गाठ शोधत बसण्यात अर्थ नसतो. मात्र बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं.

दुसरी पायरी : रक्त काय सांगतं

*प्रोलॅक्टिन.* सकाळी, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत बसल्यावर रक्त द्यावं. धावतपळत, घाबरलेल्या अवस्थेत दिलं तर आकडा चढतो. गाठच प्रोलॅक्टिन बनवत असेल तर गाठीचा आकार आणि आकडा साधारण हातात हात घालून वाढतात, आणि 200-250 च्या वरचा आकडा मोठ्या प्रोलॅक्टिनोमाकडे बोट दाखवतो. गाठ तीन सेंटिमीटरची आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं, असं विसंगत चित्र दिसलं तर प्रयोगशाळेला नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात, कारण प्रोलॅक्टिन प्रचंड असेल तर यंत्राची मोजणी फसते आणि आकडा खोटा कमी येतो. याउलट आकडा वाढलेला पण त्रास काहीच नाही, अशा वेळी रक्तात ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ नावाचा निष्क्रिय प्रकार आहे का, ते पाहतात.

*वाढीचं संप्रेरक.* फ्रान्सच्या पिएर मारी यांनी 1886 मध्ये ज्याचं वर्णन करून ‘अॅक्रोमेगली’ असं नाव दिलं, तो आजार इतक्या सावकाश वाढतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. लग्नातली अंगठी बोटात जात नाही, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घाम फार येतो, घोरणं वाढतं, हाताला मुंग्या येतात. निदानाला कित्येक वर्षं उशीर होणं ही या आजारात नेहमीचीच गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या चेहऱ्याशेजारी ठेवला की पुष्कळ कळतं. वाढीचं संप्रेरक दिवसभर वरखाली होत असल्यानं त्याच्या एकाच मोजणीवर विसंबत नाहीत. आधी रक्तातलं आयजीएफ-1 पाहतात. शंका उरली तर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास ठरावीक वेळांनी रक्त घेतात. निरोगी माणसात साखरेनं हे संप्रेरक 1 नॅनोग्रॅमच्या खाली दबतं. अॅक्रोमेगलीत दबत नाही.

*कॉर्टिसॉल.* अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये हा आजार पिट्युटरीतल्या बारीक गाठीशी जोडला, म्हणून तो ‘कुशिंग डिसीज’. वजन वाढणं तर कितीतरी लोकांत असतं. खरी खूण वेगळी. जमिनीवरून उठताना मांडीवर हात रेटावा लागणं, जरा धक्का लागला की काळंनिळं पडणं, पोटावर एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे वळ, तरुण वयात ठिसूळ झालेली हाडं. याची चाचणी घरी सुरू होते. रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनच्या 1 मिलिग्रॅमएवढ्या गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान रक्त द्यायचं. निरोगी ग्रंथी या गोळीनं गप्प बसते. सकाळचं कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर पुढचा तपास करतात. रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आणि 24 तास साठवलेल्या लघवीतलं कॉर्टिसॉल या आणखी दोन चाचण्या; किमान दोन प्रकारच्या चाचण्या बिघडलेल्या आल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या आणि टीबीवरचं रिफॅम्पिसिन यांमुळे डेक्सामेथासोनच्या चाचणीचा निकाल फसू शकतो, म्हणून इथेही ती औषधांची यादी लागतेच.

*थायरॉइड.* नेहमीच्या हायपरथायरॉइडमध्ये टीएसएच जवळजवळ शून्यावर जातं. फ्री टी-4 वाढलेलं आणि तरीही टीएसएच ठणठणीत, असं दिसलं तर टीएसएच बनवणाऱ्या गाठीचा विचार करावा लागतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण पहिली तक्रार छातीत धडधडीची असू शकते.

तिसरी पायरी : एमआरआय आणि डोळे

रक्तानं दिशा दाखवल्यावर एमआरआय करायचा, तोही साध्या मेंदूचा नव्हे; पिट्युटरीवर रोखलेला, पातळ काप घेणारा आणि शिरेतून गॅडोलिनियम देऊन केलेला. आधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना, यासाठी क्रिएटिनिन पाहतात. शरीरात पेसमेकर असेल तर तो आधीच सांगायचा. गाठ डोळ्यांच्या नसांपर्यंत पोचली असेल तर नजरेच्या परिघाची तपासणी लागते, कारण दाबामुळे दोन्ही बाजूंच्या कडांचं दिसणं आधी जातं. समोरचं नीट वाचता येतं, पण रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली रिक्षा दिसत नाही.

कुशिंगमध्ये गाठ इतकी बारीक असू शकते की चांगल्या एमआरआयवरही दिसत नाही. मग मांडीतून नळी घालून पिट्युटरीतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरांमधलं रक्त घेतात आणि हातातल्या रक्ताशी ताडून पाहतात. ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते. मुंबईच्या केईएमसारख्या, एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे जाणं अशा वेळी हिताचं.

हृदय मध्ये कुठून आलं

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विजेनं पुन्हा सज्ज व्हावं लागतं. त्या कामात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम या क्षारांचा मोठा वाटा आहे. ईसीजीवर क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. पेशींना सज्ज व्हायला किती वेळ लागला याचं ते माप. हे अंतर फार लांबलं तर ‘तोर्साद द पॉइंट’ नावाचा जीवघेणा, वळणं घेणारा वेग सुरू होऊ शकतो. फ्रेंच डॉक्टर देसरतेन यांनी 1966 मध्ये त्याचं वर्णन केलं. माणूस एकाएकी कोसळतो. कधी काही सेकंदांत शुद्धीवर येतो, कधी येत नाही.

हे माप कसं काढतात ते कागदावरच पाहू. ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक बारीक चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. क्यूटी 10 चौकटी भरला, म्हणजे 400. दोन ठोक्यांमधलं अंतर 20 चौकटी, म्हणजे 0.8 सेकंद, नाडी 75. बॅझेट यांच्या 1920 मधल्या सूत्रानुसार क्यूटीला या अंतराच्या वर्गमुळानं भागायचं. 0.8 चं वर्गमूळ 0.894, म्हणून उत्तर 447. याला दुरुस्त क्यूटी म्हणतात. पुरुषांत 450 च्या आत, बायकांत 460 च्या आत असेल तर ठीक. 500 च्या वर गेलं तर धोका. यंत्र हा आकडा आपोआप छापतं, पण नाडी जलद असेल तर हे सूत्र आकडा फुगवतं, म्हणून तो डॉक्टरांनी स्वतः तपासलेला बरा.

आता सुरुवातीची कॅप्सूल आठवा. डोमपेरिडोन क्यूटी लांबवू शकतं. युरोपच्या औषध नियामकानं 2014 मध्ये म्हणूनच त्याचा डोस आणि मुदत आखून दिली : प्रौढांना 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि शक्यतो एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम घटतं. बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो. त्यात घसा दुखतो म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी केटोकोनॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या, तर डोमपेरिडोन शरीरात साठत जातं, आणि ही औषधं स्वतःही क्यूटी लांबवतात. एकेकटं कारण क्षुल्लक असतं. धोका त्यांच्या बेरजेतून तयार होतो.

कोणत्या गाठीत हृदयाचं काय

कुशिंगमध्ये जास्तीचं कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवाटे पोटॅशियम बाहेर घालवतं, रक्तदाब वाढवतं, हृदयाची भिंत जाड करतं. म्हणजे औषध सुरू होण्याआधीच जमीन तयार असते. त्यावरची केटोकोनॅझोल, ऑसिलोड्रोस्टॅट आणि पॅसिरिओटाइड ही तिन्ही औषधं क्यूटी लांबवू शकतात. म्हणून नियम स्पष्ट आहे : आधी ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कमी असेल ते भरून काढायचं, मग औषध, डोस वाढवला की पुन्हा ईसीजी.

अॅक्रोमेगलीत हृदयाचा स्नायू जाड आणि चिवट होतो, त्यातून अवेळी ठोके उठतात. झोपेत श्वास अडकण्यामुळे एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीचा धोका वाढतो. म्हणून निदानाच्या वेळीच इको, ईसीजी, रक्तदाब, साखर आणि झोपेची चौकशी व्हायला हवी. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडच्या इंजेक्शनांनी नाडी मंदावू शकते. रुग्ण आधीच बीटा ब्लॉकर घेत असेल तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो आणि चक्कर येऊ शकते.

प्रोलॅक्टिनोमावर बहुतेकदा शस्त्रक्रियेऐवजी कॅबरगोलिन देतात, आठवड्यातून एकदा-दोनदा. पार्किन्सनच्या आजारात ते रोज मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. प्रोलॅक्टिनसाठीचा डोस त्याच्या तुलनेत अगदी थोडा असतो, म्हणून घाबरून गोळी सोडू नये. पण आठवड्याला 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर वर्षातून एकदा इको करून घ्यावा. पुरुषांत वाढलेलं प्रोलॅक्टिन टेस्टोस्टेरॉन घटवतं, आणि टेस्टोस्टेरॉन क्यूटी आखूड ठेवायला मदत करतं. गाठीवर उपचार झाला की याही बाजूनं फायदा होतो.

टीएसएच बनवणाऱ्या गाठीत थायरॉइडच्या अतिरेकानं एट्रियल फिब्रिलेशन होतं. तिथे नाडीवर नियंत्रण आणि गरजेप्रमाणे रक्त पातळ करणारं औषध, दोन्ही पाहावं लागतं.

शेवटचा प्रकार, ग्रंथीच दबून संप्रेरकं कमी पडण्याचा. इथे क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलटं केलं तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते, साठा नसतो, आणि रक्तदाब कोसळतो. पुढेही थायरॉक्सिनचा डोस टीएसएच पाहून ठरवायचा नसतो, कारण टीएसएच बनवणारी ग्रंथीच आजारी आहे. टीएसएच भरवशाचं नसताना त्याच्याच मागे लागून डोस बदलत राहिलं तर फ्री टी-4 बेताबाहेर जाऊ शकतं, आणि गोळी जास्त झाली की हृदयाची लय बिघडते. डोस फ्री टी-4 वरच ठरतो.

रुग्णानं स्वतः काय करायचं

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मलमांच्या ट्यूबा, पंप आणि पुड्या एका पिशवीत घालून न्या. तोंडी सांगताना ‘ती तर नुसती अॅसिडिटीची’ म्हणून नेमकी तीच गोळी राहते. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, पोहताना कुणी बुडालं असेल, कुणाला वारंवार घेरी येत असेल, तर तेही सांगा. क्यूटी लांबण्याचा दोष घराण्यात असू शकतो.

फाईलच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून ठेवा : गाठीचा प्रकार, चालू औषधं, शेवटचा दुरुस्त क्यूटी, शेवटचं पोटॅशियम. तापासाठी अॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठी ओंडानसेट्रॉन, उदासीनतेसाठी एस्सिटालोप्राम असं काहीही नवीन लिहून दिलं जात असेल, तर ते पान आधी पुढे करा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पोटॅशियम वेगानं घसरतं. अशा वेळी क्यूटी लांबवणारी औषधं चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यानं मात्र उलट्यांत ते थांबवायचं नाही. तापात डोस वाढवावा लागतो, आणि गोळी पोटात टिकत नसेल तर ताबडतोब रुग्णालयात जाऊन इंजेक्शन घ्यावं लागतं.

धडधड आणि त्यापाठोपाठ शुद्ध हरपणं याला अशक्तपणा म्हणून घरी झोपवू नका. त्याच दिवशी ईसीजी झाला पाहिजे. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरानं, भराभर दाब देत राहा.

आणि त्या चौतिशीतल्या बाईंचं पुढे काय? कॅप्सूल थांबवून तीन दिवसांनी प्रोलॅक्टिन पुन्हा मोजायचं. ते खाली आलं तर पाळी पूर्ववत होते का, ते पाहायचं, आम्लपित्तावर दुसरा उपाय शोधायचा, आणि 4 मिलिमीटरच्या ठिपक्याकडे तज्ज्ञाच्या सल्ल्यानं नुसतं लक्ष ठेवायचं. खाली आलं नाही आणि थायरॉइडही ठीक असेल, तर तो ठिपका खरोखर प्रोलॅक्टिनोमा आहे असं समजून उपचार सुरू करायचे, आणि बहुतेक जणींना ते लागू पडतात. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. त्यांतली कोणती घ्यायची, हे ठरवायला एक ईसीजी, दोन रक्ततपासण्या आणि औषधांची खरी यादी एवढंच लागतं, आणि ते आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळू शकतं.